अक्काच्या दुखण्याचं नवं नाव

आमच्या विभागात ते बाड आलं तेव्हा मला आधी हसूच आलं होतं. परदेशातून टपालानं आलेलं, सुतळीनं बांधलेलं, टाइप केलेल्या कागदांचं जाडजूड बाड. मनाच्या आजारांची एक जगभर वापरायची वर्गवारी असते. कुठल्या लक्षणांना कुठलं नाव द्यायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं आणि डॉक्टर तिच्यावर चालतात. ती वर्गवारी नव्यानं लिहायला घेतली होती आणि हा तिचा कच्चा मसुदा होता. पक्का छापण्याआधी ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी तो आपापल्या पेशंटना लावून बघायचा, कुठं बसतो, कुठं काचतो ते कळवायचं. मी म्हटलं, घ्या, शिंप्याकडं कच्ची शिलाई घालून बघतात तसं आता आजारांचंही.

मानसोपचाराचं शिक्षण संपवून मी तेव्हा औरंगाबादेतच नोकरीला लागले होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि जुन्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडात तेच येतं, त्याला माझा इलाज नाही. आमचे विभागप्रमुख जुन्या शहरातले, घरी दखनी बोलणारे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. मसुदा तपासायची रीत त्यांनीच आम्हाला शिकवली. खोलीत पेशंट, त्याच्यासमोर दोन डॉक्टर. प्रश्न एकानं विचारायचे, दुसऱ्यानं तोंडाला कुलूप लावून ऐकायचं. मग दोघांनी एकमेकांचं न बघता आपापल्या चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहायचं. चहा आला की सर चिठ्ठ्या उघडायचे, आणि नावं जुळली नाहीत की खुशीत म्हणायचे, "लो, अब लडो." आम्ही भांडायचो. मला भांडायला आवडतं, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

एकदा दौलताबादच्या पलीकडच्या डोंगरातला एक मेंढपाळ गडी आला. आला म्हणजे चौघांनी धरून आणला. चार-सहा दिवसांपूर्वीपर्यंत चांगला मेंढरं हिंडवत होता, आणि एकाएकी त्याला आवाज ऐकू यायला लागले, सगळं गाव मारायला टपलंय असं वाटायला लागलं. मी मिनिटभरही विचार न करता चिठ्ठीवर मोठं नाव लिहिलं. स्किझोफ्रेनिया. मराठी पुस्तकांत छिन्नमनस्कता म्हणतात. सरांच्या चिठ्ठीवर मात्र नव्या मसुद्यातलं नाव होतं. अचानक उसळणारा आणि तात्पुरता आजार, असा त्याचा साधा अर्थ. मी वाद घालायला गेले तर सरांनी मसुद्याचं पान माझ्यापुढं सरकवलं. मोठं नाव इतक्या लवकर द्यायचंच नाही, असं तिथं लिहिलं होतं. दुखणं झपाट्यानं आलं असेल तर ते झपाट्यानं जाऊही शकतं, आणि माणूस पुरता बरा होऊ शकतो. आधी वाट बघा.

महिन्याभरानं तो गडी स्वतःच्या पायांनी चालत आला. खांद्यावर घोंगडी, बरोबर बायको, आणि सरांसाठी लोटीभर दूध. "साहेब, मला काय झालतं वं?" असं विचारून आमच्याआधी तोच हसला. सर मला म्हणाले, "अपने मुलुख में ऐसे बहोत आते. आते वैसे चले जाते. पुरानी किताब में इनको ढंग की जगह नहीं थी." म्हणजे कोपऱ्यात कुठंतरी होती, पण त्या कोपऱ्यात बघायची कुणाला सवयच नव्हती. आवाज ऐकू येतात म्हटलं की हात आपोआप मोठ्या नावाकडं जायचा. माझाही गेलाच होता की.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी ते पान पुन्हा वाचायला घेतलं. एकाएकी सुरुवात. झोप उडणं. भलतेसलते संशय, आवाज. आणि थोड्याच आठवड्यांत पुरतं बरं होणं. हे सगळं मी आधी पाहिलं होतं, शाळेत जायच्या वयात, आमच्याच घरात. पान अक्काचं होतं. फक्त सोळा-सतरा वर्षं उशिरा आलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव दौलताबादच्या अलीकडं, ओट्यावर बसलं की किल्ला दिसतो. घरी शेती होती, पेरू-सीताफळाची झाडं होती, आणि आबा, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर होते. निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकले, आणि पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाल्या तेव्हा पुन्हा बाराखडी गिरवून मास्तर झाले. पोलीस ॲक्शनच्या आगेमागे नुसत्या ऐकीव बातम्यांवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हापासून ऐकीव गोष्टीचा आणि खोट्याचा त्यांना इतका तिटकारा की आम्ही पोरांनी साधं पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मारायचे नाहीत. मारलं असतं तर परवडलं असतं.

अक्काला उस्मानपुऱ्यात दिलं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. बारसं झोकात झालं. त्यानंतर दोन-चार दिवसांत तिची झोप उडाली. रात्रंदिवस बोलत सुटायची. "हे लेकरू माझं नव्हं, माझं बदललं" म्हणायची, आणि पुन्हा त्यालाच छातीशी असं धरायची की सोडवताना आईला घाम फुटायचा. एकदा भर दुपारी बाळाला पदरात बांधून रानात निघाली, म्हणाली किल्ल्यावरून कुणीतरी हाक मारतंय. मी मागं धावले. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की मी कोण हे तिला ठाऊकच नाही. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही.

आई म्हणाली, "लागीर झालं माझ्या लेकीला." ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लवकर धरतं, हे आमच्याकडं बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. देवर्षी बोलवा, उतारा टाका, चार दिवसांत सुटेल, असं शेजारपाजारच्या सगळ्याजणी सांगत होत्या. आबा कडाडले, "मास्तराच्या घरात देवर्षी? हा मर्ज आहे, याला दवाखाना आहे." आणि त्यांचं बरोबरच होतं हो! हेच तर मला आजही गिळता येत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

शहागंजात एका अत्तराच्या दुकानाच्या वरच्या माडीवर एक डॉक्टर बसायचे. आबांनी अक्काला तिथं नेलं. इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि डॉक्टरांनी त्यांच्या पुस्तकाप्रमाणं आजाराचं मोठं नाव सांगितलं. हा आजार जन्माचा असतो, गोळ्या कायमच्या, असंही सांगितलं. मी त्या डॉक्टरांना नावं ठेवणार नाही. तेव्हा तसंच शिकवत होते. आबांनी ते नाव परत परत विचारून घेतलं, घरी येऊन त्याचा मराठी अर्थ शोधला, आणि एखादा धडा पाठ करावा तसं ते सगळं मनात पक्कं करून ठेवलं.

आणि अक्का बरी झाली. गोळ्यांनी म्हणा, आपोआप म्हणा, पण बाळंतपणाचा सव्वा महिना सरायच्या आत ती पहिल्यासारखी झाली. बाळाला न्हाऊ घालायची, भाकरी थापायची, माझ्या वेण्या घालताना "केसांत काय उवांची शाळा भरवलीस का गं?" म्हणून टपली मारायची. मधल्या दिवसांतलं तिला थोडंथोडं आठवायचं आणि ती लाजायची. "मी काय काय बडबडले गं? तुझ्या भावजींना सांगू नको हं," असं माझ्या कानात सांगायची.

सव्वा महिन्यानं तिची सासू आणि भावजी तिला न्यायला आले. नवं लुगडं, बांगड्या, बाळाला घुंगरांचे वाळे असं सगळं घेऊन. सासूच्या कानावर काहीबाही गेलेलं होतंच. पण ती बाई तयारीनं आली होती. आईला चुलीपाशी बाजूला घेऊन म्हणाली, "विहीणबाई, एवढं काय मनाला लावून घेता? माझ्या नणंदेला बी लागीर झालतं. निघालं, सुटली, पुढं चार लेकरं झाली. आवो, बाहेरचं हाय, जातंय. येशीवर लिंबू उतरून टाकते आन् नेते माझ्या सुनंला." आईनं तिचे हात धरले. मी दारात उभी होते, मला ते हात धरणं दिसतंय अजून. झालं होतं सगळं. अक्का लुगडं नेसून तयार होती.

तेवढ्यात ओट्यावरून आबा आत आले. म्हणाले, "एक मिनिट. तुम्हाला अंधारात ठेवून मी पोरगी धाडणार नाही." आई खुणा करत होती, गप राहा म्हणून. आबांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी विहिणीला आणि जावयाला समोर बसवलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. नाव सांगितलं, नावाचा अर्थ सांगितला, जन्माचा आजार आहे हे सांगितलं, गोळ्या कायम घ्याव्या लागतील हे सांगितलं. काही म्हणता काही ठेवलं नाही. वर्गात शिकवायचे तसे शांतपणे, समजावून सांगत होते.

सासू ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी बाहेरचं नाय?"

"बाहेरचं वगैरे काही नसतं," आबा म्हणाले. "मेंदूतलं आहे."

"बाहेरचं असतं तर निघालं असतं, मास्तर," ती म्हणाली. "आतलंच म्हणल्यावर कुठून काढायचं?"

मग उस्मानपुऱ्याची माणसं अंगणात जाऊन कुजबुजली. परत येऊन सासू म्हणाली, "लेकरू आमचं हाय, ते नेतो. हिचं बरी झाल्यावर बघू." अक्का म्हणाली, "मी बरी हाय की आत्याबाई." तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. "मी बरी हाय. आबा, सांगा ना." आणि आबांना ते सांगता येईना, कारण डॉक्टरांनी त्यांना हेही सांगून ठेवलं होतं की या आजारात पेशंट स्वतःला बरंच समजतो.

अक्का रडली-भेकली नाही. रडलं तर वेडी म्हणतील एवढं तिला कळत होतं. तिनं स्वतःच्या हातानं बाळाला कुंची बांधली, दूध कोमट करून द्या, उताणं निजवू नका, असं सासूला समजावून सांगितलं, आणि लेकरू दिलं. भावजी जीपजवळ पाठ करून उभे होते. पुढं कितीतरी दिवस ती छातीला फडकं आवळून बांधायची आणि ती दुधानं ओली झालेली फडकी मी हौदावर धुवायची. मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं.

भावजींनी पुढं कोर्टातून सोडचिठ्ठी घेतली, त्याच नावावर. आबांनी हरकत घेतली नाही. खोटं थोडंच होतं? भावजींनी दुसरं लग्न केलं. आणि अक्का गोळ्या खात राहिली. त्या गोळ्यांनी तिची बोटं थरथरायला लागली, चाल लाकडासारखी झाली, बोलताना तोंडातून लाळ यायची. बघणारे म्हणायचे, बघा, आहेच ना आजार. आई याच काळजीनं गेली. गोळ्या आणायला अक्काला घेऊन शहागंजात गेलं की शाळेच्या कपड्यांतलं कुठलंही पोरगं दिसलं की ती थांबायची. नुसती थांबायची. मी दंडाला धरून पुढं ओढायची आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या घालायची. मी मानसोपचार शिकायला गेले ते या रागानंच, लोकसेवा वगैरे काही नाही.

तर ते पान वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी सरांपुढं जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "ले के आव." सख्ख्या बहिणीला मी तपासणं बरोबर नव्हतं. सरांनी आणि आमच्यातल्या दुसऱ्या एका डॉक्टरनं तिला बसवलं, रीतीप्रमाणं. मी बाहेरच्या बाकावर. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते काय ते मला त्या बाकावर कळलं. नंतर मला आत बोलावलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं, नव्या मसुद्यातलं. त्या दिवशी सर "लो, अब लडो" म्हणाले नाहीत.

त्यांनी अक्काला समोर बसवून सांगितलं, "बाई, तुम्हाला तेव्हा झालं ते थोड्या दिवसांचं होतं. तुम्ही महिन्याभरातच बऱ्या झाला होता."

अक्का म्हणाली, "ते मला ठावं हाय की."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की!" अक्का हसली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दर खेपंला सांगायचे, मी बरी हाय म्हणून. सांगितलं की तुम्ही लोक गोळ्या वाढवायचे."

मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण 'आजाराची जाणीव नाही' हे वाक्य मी स्वतः कितीजणांच्या कागदांवर लिहिलं होतं. मग अक्कानंच विचारलं, "साहेब, तव्हा हे नवं पुस्तक असतं तर?" सर म्हणाले, "तर तुम्ही बाळाला घेऊन आपल्या घरी गेला असता." अक्का म्हणाली, "मंग लई उशीर केला की तुम्ही." सर म्हणाले, "हौ." हो म्हणण्याशिवाय दुसरं काय म्हणणार होते?

सरांनी तिच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. पावसाळा संपेपर्यंत तिच्या बोटांचा कंप गेला. एक दिवस मी घरी गेले तर ती ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत होती. ओवायची, काढायची, पुन्हा ओवायची. मला बघून म्हणाली, "बघ गं, जातोय." मी आत जाऊन रडून घेतलं.

आबांना मी सांगितलं ते काही प्रेमानं नाही सांगितलं. चिडूनच सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणं पुरावा मागितला. मग मी मसुद्याची ती पानं घरी नेली आणि इंग्रजीतून मराठीत सांगत गेले. त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा सांगायला लावलं. शेवटी विचारलं, "म्हणजे मी खोटं बोललो?"

"खोटं नाही आबा. तेव्हाचं खरं."

"तेव्हाचं खरं म्हणजे काय असतं?" ते एकदम ओरडले. "खरं ते खरं असतं!" आणि मग उठून पेरूच्या झाडांत जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

आठवड्याभरानं म्हणाले, "मला उस्मानपुऱ्याला ने. मी जे सांगितलं होतं ते मलाच जाऊन परत घ्यावं लागेल." मी म्हटलं, आता कुणाला पडलीय? पण त्यांच्यापुढं मी हात टेकले. अक्काला चल म्हटलं तर ती म्हणाली, "मी नाय येत. एकदम बघून त्यो दचकंल. फक्त इचारा, सीताफळं लागलीत, येतो का म्हणावं. एक दिवस. जबरदस्ती नाय." एवढंच तिला हवं होतं. नवरा नको, घर नको, माफी तर नकोच नको. लेकरानं एक दिवस यावं. तिनं टोपलीभर सीताफळं स्वतः निवडून दिली, डोळे पांढरे झालेली, दोन दिवसांत पिकतील अशी.

उस्मानपुऱ्यातलं घर आता दुमजली झालं होतं. भावजी कामावर होते. सासू खाटेवर, नजर अधू झालेली. आबा बसले नाहीत. शाळेत हजेरीला उभं राहावं तसे उभे राहून म्हणाले, "विहीणबाई, डॉक्टरांचं पुस्तक बदललंय, त्या दिवशी मी सांगितलं ते चूक ठरलंय. माझी लेक तेव्हाच बरी झाली होती. जन्माचं दुखणं नव्हतं. तुमचंच म्हणणं जवळचं होतं."

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. "मास्तर, मी न्यायलाच आलते वं तिला. लिंबू बी आणलं होतं. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणले आतलं हाय. मंग मी अडाणी काय बोलणार?" आबांनी मान हलवली. त्या वाक्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मुलगा आतल्या दारात उभा होता. अकरावी-बारावीतला, उंच, मिसरूड फुटलेला. आजीनंच सांगितलं त्याला, हे तुझ्या आईचे वडील, ही मावशी. तो पाया पडला, टोपलीकडं पाहिलं, आणि सरळ मला विचारलं, "म्हणजे आधी पुस्तकात होतं म्हणून ती वेडी, आणि आता पुस्तकात नाही म्हणून शहाणी?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"आणि पुस्तक पुन्हा बदललं तर?"

मी म्हटलं, "बदलणारच. दर काही वर्षांनी बदलतं." आणि खरोखरच पुढं बदललं. तो मसुदा छापून पक्का झाला, मग तोही जुना झाला, अजून नवं पुस्तक आलं. अक्काचा कप्पा त्यात जरा इकडंतिकडं झाला, पण राहिला. तो मुलगाही पुढं एकदा आला, पण तोवर आबा राहिले नव्हते. हे सगळं त्या दिवशी मला कुठं माहीत होतं? मी त्याला म्हटलं, "पुस्तकाला मार गोळी. तू येऊन तिला बघ. सीताफळं लागलीत. एक दिवस ये, असा निरोप आहे तिचा."

तो मग म्हणाला, "मावशी, खरं सांगू? मला भीती वाटते तिची. लहानपणापासून हेच ऐकलंय. परीक्षा आहे, बघू, येईन, असं मी म्हणू शकतो. पण मी येणार नाही. उगाच आशा नका लावू तिला."

परत येताना आबा बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. परीक्षा आहे म्हणाला, असं सांगायचं पक्कं ठरवलं. पण अक्का पार फाट्यावर येऊन उभी होती, केसांना तेल लावून, बुट्ट्यांचं लुगडं नेसून. बसमधून तिसरं कुणी उतरतंय का ते तिनं आधी पाहिलं, मग आमच्याकडं. "काय म्हणला?" म्हणाली. "घरी चल, सांगते," मी म्हटलं. घरी येऊन हातपाय धुतले, तिनं ताटं वाढली, आणि तेव्हा ठरवलेलं खोटं बाजूला राहिलं आणि मी तो बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं.

अक्का हातात भाकरी घेऊन ऐकत होती. ऐकलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं तिला नीट कळलंच नाही.

"येईन म्हणून टाळता आलं असतं त्याला," ती म्हणाली. "पण नाय टाळलं. खरं त्येच बोलला." मग आबांकडं बघून कौतुकानं म्हणाली, "तुमच्यावर गेलाय आबा. अगदी तुमच्यावर."

इतक्या वर्षांत आबा कधी आमच्यासमोर हमसून रडले नव्हते. त्या दिवशी रडले. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत "जेवा आबा, जेवा," म्हणत राहिली, आणि ते तेच तेच बोलत राहिले, "मला थोडं खोटं बोलता यायला पाहिजे होतं गं पोरी. थोडंसंच."